व्हय-न्हायपुरतं

फोनवर बोलता बोलता माझी बहीण मराठीतून कानडीत गेली, की तिच्या पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलेलं असे. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि जिला सांगायला हवी तिला तर नाहीच.

आधी माझं काम सांगतो, कारण सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे. सोलापुरात, सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. मोबाईलवरच्या गोष्टी आम्ही लिहितो. त्या वाचायच्या असतात आणि खेळायच्याही. पात्रांचं बोलणं, फोनवरचंसुद्धा, मेसेजसारखं एकेक करून पडद्यावर येतं, खाली तीन उत्तरं दिसतात, वाचणाऱ्यानं त्यातलं एक दाबायचं. पुढं काय घडणार ते त्यावर ठरतं. मी पूर्वी कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायचो. तासिका संपल्या तसा इथं आलो. वयानं थोराड म्हणून सगळे मला सर म्हणतात. पण शिकलो मीच, आणि माझ्या मुलीच्या वयाच्या टीम लीडरकडून शिकलो. पहिल्याच आठवड्यात तिनं माझी पानं परत केली होती.

"सर, ही बाई कशी दिसते ते तुम्ही पानभर लिहिलंय. पण दिसणार कुणाला ती?"

"मग काय करू?"

"बोलू द्या की तिला. मेसेजवरचं नाव झाकलं तरी कळायला पाहिजे, हे कोण बोलतंय."

ती खरंच नाव झाकायची. लॅपटॉपच्या पडद्यावर कागदाची पट्टी धरायची, शेजारच्याला बोलवायची आणि विचारायची, हे कोण बोललं? शेजारच्याला सांगता आलं नाही तर पात्र मेलेलं. माझी सगळी पात्रं मेली. एकूण एक सारखंच बोलायची, माझ्यासारखी, कॉलेजातल्या तासासारखी.

तेव्हा मी अक्काकडं वळलो.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर अक्कलकोटकडं, मैंदर्गीच्या पलीकडं, घरात सगळं कानडी. आमच्याकडं कानडी कुणालाच येत नव्हती; ती तिकडं जाऊन शिकली. मला तिच्यामुळं मोडकी तोडकी कळू लागली, इतकंच. आठवड्यातून एकदोनदा तिचा फोन यायचा. "जेवलास का?" असं विचारायची आणि उत्तराला न थांबता "काय जेवलास?" हेही विचारायची. मग शेळ्या, पाणी, जावेचे गुडघे, कुणाच्या लेकीचं बाळंतपण. हे सगळं सांगून झालं की जरा थांबायची आणि म्हणायची, "बरं ते असू दे." खरं बोलणं तिथून पुढं असायचं. फोन ज्यासाठी केलेला, ते.

आणि नेमकं तेव्हाच पुष्कळदा पाठीमागं कुणीतरी यायचं. बहुतेक वेळा दाजी, कधी थोरला दीर. तिचा आवाज एकदम मोठा आणि मोकळा व्हायचा, मराठीत मला "बाळ" म्हणणारी बहीण "तम्मा", म्हणजे धाकट्या भावा, म्हणू लागायची. "एल्ला छलो अद तम्मा, छलो अद." सगळं चांगलं आहे, चांगलं आहे. आपल्या घरची सून माहेरी मराठीतून काय बोलते हे त्यांना कळत नसे, आणि ज्या दिवशी ती तसं बोलताना सापडे त्या दिवशी ते तिला मारत. हे तिनं मला कधी स्पष्ट सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. भाषा कुठं बदलते एवढं ऐकलं तरी पुरे होतं, आणि ऐकण्यात मी तरबेज झालो होतो.

मी ते सगळं गोष्टीत घातलं. सासरी नांदणारी एक अक्का, शहरातला तिचा भाऊ. वाचणारा माणूस भाऊ होऊन खेळतो. टीम लीडरनं पट्टी धरली, शेजारच्या पोराला बोलावलं. तो पहिल्याच ओळीला म्हणाला, "ही ती अक्का."

"सर, भारी!" टीम लीडर म्हणाली. "आणि ही मधेच कानडीत का जाते? आमची आजी चिडली की तेलुगूत जाते, तसं का?"

"नाही. तेव्हा कुणीतरी जवळ उभं असतं."

तिनं पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "सर, हीच गोष्टीची किल्ली. आपण सांगायचं नाही. वाचणाऱ्याला सापडू दे."

त्याप्रमाणं मी लिहिलं. अक्का कानडीत गेली की खाली तीन उत्तरं येत. पहिलं: "बरं, ठेवतो मग." दुसरं: "असं मधेच कानडीत काय बोलतेस?" तिसरं, बरोबर उत्तर, मी पुष्कळ विचार करून काढलं. भावानं असे प्रश्न विचारायचे, की ज्यांना नुसतं हो किंवा नाही म्हणता येईल. दाजी जवळ आहेत का? हौदु, म्हणजे हो. लागलंय का? हौदु. येऊ का न्यायला? समोरच्याला तिचं हो-नाही ऐकू येतं, प्रश्न ऐकू येत नाही. पहिलं उत्तर दाबत गेलं की शेवटी अक्काचे मेसेज बंद पडत. तिसरं दाबत गेलं की भाऊ न्यायला जाई.

गोष्ट चालली. खाली लोक लिहायचे, अक्का अगदी आमच्या आत्यासारखी बोलते, अक्काला मरू देऊ नका. पुढचे भाग लवकर हवे होते.

आणि खरी अक्का फोन करायची तेव्हा मी काय करायचो? कानात इअरफोन घालायचो म्हणजे दोन्ही हात मोकळे राहत. ती बोलायची, मी टाईप करायचो. ती थांबली की मी "मग?" म्हणायचो, तिला काय झालंय म्हणून नव्हे, पुढची ओळ हवी म्हणून. ती कानडीत गेली की मी म्हणायचो, "बरं, ठेवतो मग."

पहिलं उत्तर.

त्यांच्या घरची रीत अशी, की माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सुनेनं गाव सोडायचा नाही. पंचमीला भावानं मुराळी होऊन जायचं आणि बहिणीला घेऊन यायचं. आई-वडील होते तोवर वडील जात. ते गेल्यावर जाणारा मी एकटा उरलो. त्या वर्षी श्रावण लागायच्या आधी तिनं फोन केला. जेवण झालं, शेळ्या झाल्या.

"बरं ते असू दे. पंचमीला कोन येनार हाय?"

"बघू गं. कामाचं जमायला पाहिजे."

"एक दिस ये की. चा घेऊन माघारी फिरू."

"बघतो म्हटलं ना."

"ती तुमची मधली खोली रिकामीच आसती का रं?"

"सामान आहे तिथं. का गं?"

ती बोलणारच होती. तेवढ्यात आवाज मोठा झाला. "ऊटा आतेनु तम्मा?" जेवण झालं का? हे विचारून झालेलं होतं. मी इअरफोन सारखा केला आणि लिहून घेतलं, की घाबरली म्हणजे विचारलेलंच पुन्हा विचारते. फार चांगला तपशील होता तो. पुढच्या भागात गेला.

पंचमीला मी गेलो नाही. का, ते आता सरळ लिहितो. एकदा आणली असती तर ती परत गेली नसती, हे मला कळत होतं. मधल्या खोलीवरून घरात वाद झाला असता. दाजींच्या समोर उभं राहायची मला भीती वाटत होती. ते दांडगे आहेत, मी नाही. आणि चौथं कारण लिहिताना हात थांबतो. ती आमच्या घरी येऊन सुखानं राहिली असती, तर मला फोन कुणाचा आला असता?

दिवाळीच्या आधी तिच्या जावेचा फोन आला, जमेल तशा मराठीत. "तुमच्या अक्का जिन्यावरनं पडल्यात. सोलापूरला आनलंय."

दवाखान्यात गेलो. डाव्या गालापासून मानेपर्यंत काळंनिळं. त्या कानानं आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पायरीवरून पडलेल्या माणसाचे हात-गुडघे खरचटतात. तिचे हात-गुडघे कोरे होते. दाजी खाटेच्या पायथ्याशी उभे.

"काय झालं गं अक्का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "एल्ला छलो अद तम्मा."

इथं फोन नव्हता. प्रश्न लपवायचाही नव्हता. "चल घरी," एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढी मराठी दाजींनाही कळली असती. मी म्हणालो, "आराम कर." दाजींना चहा पाजला. ते तिला परत घेऊन गेले.

पुढं मी तिचा फोन आला की इअरफोन लावायचं सोडलं. पण तोवर ती फोनवर मराठी बोलायचीच बंद झाली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत कानडी. पाठीमागं कुणी आहे की नाही हे कळायचीही सोय राहिली नाही.

त्यातून ती सुटली ती स्वतःच. मुराळ्याची वाट न बघता, शेळ्या सोडायच्या वेळेला पिशवी घेऊन बाहेर पडली आणि मिळेल त्या गाडीनं अक्कलकोटला, तिथून सोलापूरला आली. माझ्या घरी आली नाही. अक्कलकोटकडच्याच ओळखीच्या एका बाईंचं कडक भाकरीचं काम आहे, त्यांच्याकडं गेली. तिथंच मागं खोली मिळाली. मला कळलं ते कितीतरी दिवसांनी. "तुला कशाला तरास," म्हणाली. आमच्या घरापासून तिथं रिक्षानं जायला जेमतेम चहा निवायला लागतो तेवढा वेळ.

मी रविवारी जातो. बायका भाकरी थापत असतात, बाजूला चुलीवर त्या कडक होत असतात. अक्का कुणी बोललं की उजवा कान पुढं करते, त्यामुळं सारखी मान वाकडी करून ऐकणारी बाई झाली आहे. आधी ती अशी नव्हती.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा भाकरी बांधणारी एक मुलगी मोबाईल घेऊन बसली होती. मला पाहून उठली नाही, गोष्टीत अडकली होती.

"मावशी, ही बाई बगा की, लई तुमच्यागत बोलती. जेवलास का, काय जेवलास!"

"सगळ्या बायका तसंच बोलत्यात गं," अक्का म्हणाली. "आन बोलायला हाय काय दुसरं?"

"आयका तर." मुलगी मोठ्यानं वाचू लागली. माझे शब्द. म्हणजे अक्काचे. शेळ्या, पाणी, बरं ते असू दे. मग कानडी आली आणि मुलगी अडखळली. "आता ही कानडीत घुसली. खाली तीन उत्तरं हायत. मावशी, कुठलं दाबू?"

तिनं तिन्ही वाचून दाखवली. अक्कानं थापणं थांबवलं नाही.

"तिसरं दाब. कोन तरी हाय तितं. व्हय-न्हायपुरतं इचार म्हणावं, म्हंजे सांगंल ती."

मुलीनं तिसरं दाबलं. पुन्हा तिसरं, पुन्हा तिसरं. गोष्टीतला भाऊ गाडीत बसला. "आला बगा मावशी तिचा भाऊ! शाना हाय."

दुसरी एक बाई चुलीवरून म्हणाली, "न्हायतर तुमचा. रविवारी येतो, भाकरी खातो आन जातो."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. अक्का हसली नाही. मान वाकडी करून त्या बाईला म्हणाली, "त्याला बोलू नगं. त्याला कुटं ठाव होतं? ठाव आसतं तर उडी मारून आला आसता माझा भाऊ."

ती हे नेहमी म्हणते, चार जणींत, मोठ्या आवाजात. तिला खरंच तसं वाटतं की मला झाकते, हे मी विचारलेलं नाही. त्या दिवशी माझ्या हातात भाकरी होती, ती मी मोडत राहिलो. उठताना तिनं पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि विचारलं, "ह्या गोष्टी तूच लिवतोस न्हवं रं?"

"आमच्या ऑफिसात लिहितात," मी म्हणालो.

तिथंही पहिलंच उत्तर दिलं.

मला ठाऊक होतं, अक्का. प्रत्येक वेळी ठाऊक होतं, आणि मी आलो नाही. हे वाक्य मी इथं लिहिलंय, ते तिला सांगितल्यात धरता येत नाही. तिच्या उजव्या बाजूला बसून, तिला ऐकू येईल असं, तिच्या मराठीत मला ते म्हणायचं आहे. तेवढं मी अजून तिचं देणं लागतो.