टू सीटर, हत्थ्यासकट

माझ्या बायकोला मी एकदा रस्त्यात विसरलो. आता हे हसत लिहितो आहे, पण त्यानंतर वर्षभर आमच्या घरात या विषयावर हसायची मुभा फक्त तिला होती.

झालं असं, की आम्ही तेव्हा अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहत होतो आणि तिचं माहेर बदलापूरला. एका रविवारी माझ्या शंभर सीसीच्या गाडीवरून जेवायला निघालो. चिखलोलीपाशी पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवला होता. ती म्हणाली, "मी उतरते, तुम्ही गाडी काढा." मी गाडी काढली. काढली ती थेट बदलापूरपर्यंत. वाटेत कार्ब्युरेटर या विषयावर मी तिच्याशी भरपूर बोललो. सासुरवाडीच्या दारात गाडी उभी केली तेव्हा सासूबाई बाहेर आल्या, "जय भीम जावईबापू" म्हणाल्या, माझ्या मागे बघितलं, मग गाडीच्या पलीकडेही बघितलं. तिची पर्स माझ्या हँडलला लटकत होती.

"आमची पोरगी कुठाय?"

मी वळून सीटकडे बघितलं. मोबाईल माझ्याकडे होता, तिच्याकडे नव्हता, त्यामुळे फोन करायची सोय नाही. मी गाडी वळवतोय तोच कोपऱ्यावर एक दुधाचा टेम्पो थांबला आणि त्यातून ती उतरली. आत बारवीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी बसली होती, तिनेच हिला चढवून घेतलं होतं. म्हातारीने मला नखशिखांत बघून घेतलं आणि विचारलं, "ह्योच काय गं?" बायको म्हणाली, "हाच." बास, एवढंच. ती ओरडली नाही, जेवली, आईला भांडी घासू लागली, आणि संध्याकाळी मी गाडी काढली तेव्हा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी रिक्षाने येते."

त्या दिवसापासून ती माझ्या मागे बसली नाही.

माझी बाजूही ऐकून घ्या. ती गाडीवर फारशी बोलायची नाही. मी बोलायचो आणि ती मधून मधून "हं" म्हणायची. माझ्या त्या गाडीचं इंजिन तिसऱ्या गिअरला अगदी तसंच, थोडं नाकात, "हं… हं" करायचं. इंजिनाचे हुंकार मी बायकोचे समजलो. ही बाजू मी घरात एकदाच मांडली आणि पुन्हा मांडली नाही.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. माणूस टोचून घेताना कुठे बघतो यावरून ती त्याचा स्वभाव सांगायची, मग माझ्यासारख्याला ओळखणं तिला काय अवघड. पण एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली असं मला वाटत होतं: तिला परत मागच्या सीटवर बसवायचं, यापलीकडे मला त्या वर्षी काही सुचत नव्हतं. रिक्षा स्टँडवर ती एकटी उभी असायची आणि मी शेजारून रिकामी सीट घेऊन जायचो, हे मला खरंच लागायचं. मोठ्याने म्हणायची लाज वाटत होती. म्हणून मी माफी मागायच्या ऐवजी मोटरसायकल घेतली.

ती उल्हासनगरच्या एका कापडवाल्याची होती. लांब पल्ल्यासाठी म्हणून काढलेलं मॉडेल, मोठी टाकी, रुंद हँडल, मागे ऐसपैस जागा. त्याने लांबचा पल्ला म्हणून एकदा कर्जत गाठलं होतं, आणि मग डॉक्टरने त्याला चालायला सांगितलं. घरी आणली तेव्हा बायकोने पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं.

"कशाला?"

"टूरिंगला."

"कोण जाणार?"

"आपण," म्हणायचं धाडस झालं नाही. म्हणालो, "बघू."

मग सुरू झाली सामानाची खरेदी. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एक पार्टवाले शेठ होते, माझ्या कारखान्याच्या सुटीच्या दिवशी दुकान उघडं ठेवणारे, त्यामुळे माझे गुरू तेच. कोणत्याही वस्तूवर हात ठेवून म्हणायचे, "साईं, ये लद्दाख तक चलेगा."

"लद्दाख नको शेठ. बदलापूरपर्यंत चाललं तरी खूप झालं."

"अरे, बदलापूर के लिए इतना सामान कौन लगाता है?" शेठना खरंच काळजी वाटली.

आधी लेगगार्ड बसवला, जाड, डबल पाइपचा. बायको गॅलरीतून म्हणाली, "छान. पडलात तर गाडीला काही होणार नाही." मग ट्रकचा हॉर्न बसवला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा शिवमंदिरापर्यंतची कुत्री उत्तर द्यायला लागली आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. बायको म्हणाली, "कोणी मागे राहिलं तर बोलावून घ्यायला बरा आहे." मग समोर वारा अडवणारी काच. ती दुकानाच्या पाट्या बनवणाऱ्याकडून करून घेतली. तिने छातीवरचा वारा अडवला आणि सगळा कपाळावर सोडला, शिवाय पन्नासच्या पुढे गेलं की शिट्टी वाजायची. वस्तीतून जाताना बायका वळून रागाने बघायच्या. यावर मात्र बायको काहीच बोलली नाही, पदर तोंडावर धरून आत गेली. तेव्हा मला आशा वाटायला लागली.

राहिली सीट. सगळं सामान जिच्यासाठी चाललं होतं तिच्या बसायच्या जागेपाशी मी सगळ्यात शेवटी पोचलो, हेही माझ्या स्वभावाला धरूनच झालं. मला मागे टेका हवा होता आणि पकडायला भक्कम दांडी.

शेठनी विचारलं, "पीछे कौन बैठता है?"

"सध्या कोणीच नाही."

"तो फिर सीट काहे को?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "समझ गया साईं. फर्निचरवाली गल्ली में जाओ. मेरा आदमी है, सोफा बनाता है. भाभीजी उठने का नाम नहीं लेगी."

सोफ्याचा कारागीर चांगला माणूस होता. मी माझी सीट त्याच्याकडे टाकली, मापं दिली, रंग मरून सांगितला आणि कामावर गेलो. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तो मशीन शॉपमध्ये, चार लेथ चालू असताना.

"साहब, टू सीटरही है ना?"

"हां, टू सीटर."

"पीछे टेका?"

"टेका पाहिजेच."

"और हत्था?"

मला वाटलं, दांडी. "हत्था तो मस्ट है! पकडने को कुछ चाहिए ना. एकदम मजबूत बनाना."

"दोनों साइड?"

"दोनों साइड!" मी ओरडून सांगितलं.

सोफ्याच्या धंद्यात हत्था म्हणजे हात टेकायची ती गुबगुबीत बाजू, हे मला शनिवारी कळलं. कारागिराने कापड काढलं आणि म्हणाला, "पहली बार बनाया साहब. अच्छा आया." मागच्या सीटवर लग्नाच्या स्टेजवर असते तशी खुर्ची उगवली होती. मरून रेक्झीन, कडेने सोनेरी पायपिन, टेक्यावर खोल दाबलेली सोळा बटणं आणि दोन्ही बाजूंना उशीसारखे फुगलेले हत्थे. त्याच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की मला तोंड उघडवेना. ती तशीच बसवून मी उल्हासनगरहून अंबरनाथला आलो. सिग्नलला एका रिक्षावाल्याने मागच्या रिकाम्या सिंहासनाला वाकून नमस्कार केला.

बायको गॅलरीत होती. तिने खाली बघितलं, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि मग हसायला लागली ती थांबेचना. धापा टाकत खाली आली, खुर्चीभोवती एक चक्कर मारली. गाडी मेन स्टँडवर होती. मी नुसता उभा राहिलो, श्वास रोखून.

ती साडीत होती, म्हणजे एका अंगावर बसणार. बसायला गेली तर डावा हत्था पायांच्या आड आला. तिने दोन मिनिटं विचार केला. "हा काढा," ती म्हणाली. "उजवा राहू दे."

मी पाना आणून डावा हत्था सोडवला. ती चढून एका अंगावर बसली आणि मग मला उलगडा झाला. उजवा हत्था बरोबर तिच्या पाठीला आला आणि मागचा टेका हाताखाली. साडी नेसून मोटरसायकलवर बसणाऱ्या बाईच्या पाठीला आधार द्यायचं आजवर कोणत्याही कंपनीला सुचलं नव्हतं. ते आमच्या कारागिराने चुकून केलं होतं. खालच्या काकूही बसून बघून गेल्या आणि काकांकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

बायकोने चहा मागवला तोही खुर्चीवरच. आणून देणारा अर्थात मी. मग मी पुढच्या सीटवर बसलो आणि आनंदाच्या भरात बोलायला लागलो. सायलेन्सर बदलायचा विचार सांगितला, टायरची रुंदी सांगितली, चेनचं तेल सांगितलं. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला.

"आत्ता मी काय म्हणाले?"

"हं म्हणालीस."

"मी काहीच म्हणाले नाही. इंजिनपण बंद आहे."

हसणं तिच्या आवाजातून गेलं होतं.

"त्या दिवशी चालत यावं लागलं असतं तरी मला काही झालं नसतं," ती म्हणाली. "टेम्पोतली म्हातारी फार चांगली होती. पण मी त्या खड्ड्यापाशी उभी राहून बघत होते, तुमचं डोकं हलत होतं. तुम्ही बोलत होता. लांब जाईपर्यंत बोलत होता. मला वाटलं, मी बसलेली असते तेव्हा तरी वेगळं काय असतं?"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, मी कपातला गार चहा प्यायलो. वर्षभर मला वाटत होतं, की ती पडायला किंवा मागे राहायला घाबरते आहे, म्हणून मी लोखंड आणि फोम गोळा करत होतो. "चुकलो मी," असं मी म्हणालो, मागे न वळता, कारण वळलो असतो तर डोळे दिसले असते. ती म्हणाली, "हं." हा खरा होता.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून खाली आली आणि बसली. आईकडे जेवायला जायचं ठरलं होतं. मी काचेची शिट्टी वाजू नये म्हणून चाळीसच्या आत चालवत होतो आणि तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. फक्त दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "आहेस ना?" पहिल्या दोनदा तिने उत्तर दिलं. मग मुद्दाम द्यायची बंद झाली. मी घाबरून गाडी बाजूला घेऊन मागे बघायचो, तर ती हत्थ्याला रेलून आभाळाकडे बघत असायची. असं तिने माझ्याकडून सहा वेळा करवून घेतलं.

सहाव्यांदा थांबलो तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला कुठे जायचंय?" विचारल्यावर माझं मलाच जाणवलं, की लांब पल्ल्याची गाडी घेऊन इतके महिने झाले, तिच्यावर नाही नाही ते चढवून झालं, आणि हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होतो.

ती काही बोलली नाही. यावेळी चेष्टा नव्हती, ती खरोखर विचार करत होती. मी इंजिन बंद केलं. शेजारून रिक्षा गेल्या, एक बैलगाडी गेली, मला तीनदा तोंड उघडावंसं वाटलं आणि तिन्ही वेळा मी ते आवरलं.

"आईला फोन करा," शेवटी ती म्हणाली. "म्हणावं, जेवायला वाट बघू नका. आणि सरळ चला. कुठे थांबायचं ते मी सांगते."