काळ्या खडकामागचा कोंडा

होडी लोटायच्या आधी गुणा मूठभर भाताचा कोंडा नदीवर टाकायचा. कोंडा सरळ वाहिला तर "चला, बसा." गरगरला तर "दुपारी या, मंडळी!" गणेशगुडीच्या खाली काळी नदीवर वीस वर्षं त्यानं माणसं अशीच पैलतीरी नेली. एकदाच, घाईत, कोंडा टाकायचा राहिला. काळ्या खडकामागं धाकटा भाऊ परशू बुडाला. त्यानंतर गुणानं नदीकडं पाहिलं नाही.

सत्त्याण्णव साली लेक यमुना बंगळूरहून कॅसेट घेऊन आली. ती तिथं कॉम्प्युटरवर हलती चित्रं बनवायची.

"आबा, आपली नदी केलीय. साहेब म्हणतो, पाणी खोटं वाटतंय. काय चुकलं ते त्यालाबी सांगता येईना. महिनाअखेरपर्यंत जमलं न्हाई तर घरी बसवतील. तुमी बघा."

"मी? न्हाई गे!"

पण गेला. रामनगरात वासूचं व्हिडिओचं दुकान.

"बसा ओ मामा! टीव्हीतलं पाणी काय भाईर सांडतंय व्हय? सांडलंच तर फडकं हाय!"

गुणा दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला टेकला. पडद्यावर तोच खडक उभा राहिला.

"पाण्याचे चौकोन पाडायचे," यमुना सांगू लागली. "ह्यातनं त्यात किती गेलं ते कॉम्प्युटर मोजतो. वर ठिपके सोडायचे, म्हंजे धार कळती."

"कोंडा," गुणा पुटपुटला.

ठिपके खडकापाशी आले, दोन्हीकडून सुळकन निसटले, गेले. काकवीसारखं गुळगुळीत पाणी. ह्या नदीत कुणी बुडालंच नसतं. गुणाचा जीव भांड्यात पडला. 'झ्याक हाय' म्हणावं नि पळावं! तो उठलासुद्धा. मग लेकीचं तोंड दिसलं.

"खडकामागं…" त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "कोंडा उलटा येतो, यमू. खडकाकडं. गरगर. परशू तसाच आला, माझ्याकडं. दोनदा हात दिसला."

वासूनं कॅसेट थांबवली.

"चौकोन मोठे पाडले मी," यमुना हळूच म्हणाली. "भोवरा त्यात पुसून गेला."

"मग बुट्टी-टोपलीनं नको, चिमटीनं मोज," गुणा म्हणाला.

महिना संपता संपता बसवाल्याच्या हाती दुसरी कॅसेट आली. वासूनं ती गुणापुढं लावली तेव्हा फोनवर बंगळूरहून यमुना होती.

"आबा काय म्हणतात?"

"अगं, मामांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतल्यात. खुर्चीचा दांडा धरलाय घट्ट. डोळं मातुर खडकामागं."

यमुनानं त्याला पुढं बोलू दिलं नाही.

"बंद कर, वासूदादा. जमलंय. आता बंद कर."