शनिवारी बंद असलेलं बंदर

कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका छोट्या शिपिंग एजन्सीत मला पहिली नोकरी लागली, तेव्हा कुवेतमध्ये सुटी गुरुवार-शुक्रवारची असायची. मी इथेच वाढले, त्यामुळे शनिवार म्हणजे शाळा, बाबांचं ऑफिस, आठवड्याची सुरुवात.

आमचे मालक कुवेती, निवृत्त कॅप्टन. त्या हिवाळ्यात ते चार मित्रांना घेऊन स्वतःच्या शिडाच्या बोटीने सेशेल्सला निघणार होते. ही बोट घेऊन आखाताबाहेर ते पहिल्यांदाच जाणार होते. त्या देशाची माहिती इंग्रजीत लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी न पाहिलेल्या बेटांवर चार पानं लिहिली आणि चांगली लिहिली. वारा कधी कुठून वाहतो, नांगर कुठे टाकायचा, पाणी कुठे भरायचं. बंदराच्या ऑफिसची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत पिवळा झेंडा लावून बोटीवरच थांबायचं, किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. बंदराच्या ऑफिसला फॅक्स करून वेळाही विचारून घेतल्या होत्या.

त्या चौघांत कुवेतमध्येच मंगफला राहणारे एक काका होते, बाबांचे मित्र, तेल कंपनीत इंजिनियर. रविवारी सकाळी त्यांना सेशेल्सहून विमान पकडायचं होतं, कारण मंगळवारी नाशिकला त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. काकूंनी या प्रवासाला कशीबशी संमती दिली होती.

निघण्याआधी सगळे ऑफिसात जमले. मी पानं वाटून कोपऱ्यात बसले. मला पाहून काका म्हणाले, "ही आमची मौनीबाबा. हिच्या तोंडून शब्द काढणं विहीर खणण्यापेक्षा अवघड." मी हसले. उत्तर सुचलं होतं, पण इंग्रजीत, आणि काकांना इंग्रजीत उत्तर दिलेलं आवडत नसे.

कॅप्टननी नकाशा पसरला. वाऱ्याने साथ दिली तर शुक्रवारी दुपारीच पोहोचू, म्हणाले, पण सुटीच्या दिवशी कोण भेटणार? रात्र बाहेर समुद्रात काढू, शनिवारी ऑफिस उघडताच आत शिरू. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनीही. आमच्या सगळ्यांच्या अंगात शुक्रवारची सुटी इतकी मुरली होती की तिसऱ्या पानावरची बंदराच्या वेळांची ओळ कुणाच्या नजरेतच भरली नाही.

कुणी तरी पान उलटेल म्हणून मी वाट पाहिली. कॅप्टन नकाशाची घडी घालू लागले. मग मी उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "कॅप्टन, तिथे शुक्रवारी ऑफिस चालू असतं. बंद असतं ते शनिवार-रविवार."

ते म्हणाले, शनिवारी कधी बंदर बंद असतं का? मी तिकडून उत्तरादाखल आलेला फॅक्स पुढे केला. त्यावर छापलेलं होतं: शनिवार-रविवारी आधी ठरवल्याशिवाय तपासणी होणार नाही. मग मी काकांकडे वळले आणि मराठीत सांगितलं, "काका, शनिवारी पोहोचलात तर सोमवारपर्यंत बोटीवरच राहाल. विमान समोरून उडताना दिसेल."

काकांचा चेहरा उतरला. कॅप्टननी फॅक्स दोनदा वाचला आणि बाहेर थांबायचा बेत पेन्सिलीने खोडला. शुक्रवारी शक्य तितक्या लवकर आत शिरायचं ठरलं, आणि उशीर झालाच तर म्हणून शनिवारसाठी आधीच कळवून ठेवायचं. तसा फॅक्स मी तिथल्या तिथे पाठवला.

महिन्याभराने बाबांनी साखरपुड्याचे फोटो आणले. काका मुलीशेजारी कडक इस्त्रीच्या झब्ब्यात उभे होते, चेहरा उन्हाने करपलेला, नाकाची सालं निघालेली. काकू एकाही फोटोत त्यांच्याकडे बघत नव्हत्या.