भोईर सरांचा बांध

आमच्या कल्याणच्या कॉलेजात इकॉनॉमिक्सची स्टाफरूम एवढीशी, पण किस्से मावत नाहीत! निम्मे एकट्या भोईर सरांचे. सर मूळ बाळकुमचे, आजोबा मिठागरावर. ‘आर्थिक विचारांचा इतिहास’ हा पेपर म्हणजे सरांचा जीव की प्राण.

*

‘सार्वजनिक वस्तू’ शिकवताना म्हणाले, "एक जुना विलायती विचारवंत सांगतो, कुरणातलं पाणी दोन शेजारी मिळून काढतील. हजार जण? छे! जो तो दुसऱ्यावर ढकलणार." मग चष्मा काढला. "तो बाळकुमला आला नव्हता! खाडीचा बांध फुटला की घरटी एक माणूस हजर."

"आणि नाही आला तर?" एका पोरानं विचारलं.

"त्याच्या घरच्या हळदीला कुणी जायचं नाही!"

*

दीपगृहाचे पैसे कुणाकडून घेताच येत नाहीत, असं सरांनी वर्षानुवर्षं शिकवलं. मग कळलं, कुणीतरी जुनी दप्तरं उघडून दाखवलंय की बंदरात जहाजांकडून घेत होते! सरांनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर माफी मागितली. एका बँक मॅनेजरचं उत्तर आलं, "सर, दीपगृह आठवतच नाही. हळद आठवते!"

*

‘फुकट्यांची समस्या’, म्हणजे काम दुसऱ्यानं करावं, फायदा आपण घ्यावा, हे शिकवणारे आम्ही चौघं. स्टाफरूमचा पाण्याचा फिल्टर कोण धुणार, याची ड्यूटी लिस्ट करायचं ठरलं. लिस्ट कोण करणार, यावर दोन मीटिंगा झाल्या! तोवर सरांनी फिल्टर धुतलेला.

*

मी याच कॉलेजात शिकत होते तेव्हा दिवा स्टेशनजवळ राहायचे, कॉमर्सला होते. ऑफ तासाला सरांच्या वर्गात मागे बसायचे. एकदा सरांनी पकडलं.

"हजेरीत नाव?"

"नाही सर. फुकटीच."

"बस. तू ऐकलंस म्हणून कुणाला कमी पडत नाही."

आज मी त्याच स्टाफरूममध्ये शिकवते. सरांचे उपकार फिटायचे नाहीत.

*

यंदा सरांचं रिटायरमेंटचं वर्ष, आणि ऑफिसची नोटीस आली: पेपर निवडल्याचे वीस फॉर्म नाही आले तर सरांचा पेपर बंद. आले अकरा! वर्ग मात्र खच्चून भरलेला, बाकी सगळी कॉमर्सची फुकटी पोरं. त्यांना हा पेपर जादा घेता येतो, पण मग परीक्षाही जादा.

"सर, सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"फुकट बसवलं, आता मागू कसं?"

आमचं शास्त्र म्हणतं, कुणी येणार नाही. शेवटच्या दिवशी मी तोंड पाडून ऑफिसच्या फॉर्मच्या खिडकीशी गेले, तर रांग जिन्यापर्यंत!

"अरे, परीक्षा द्यावी लागेल, माहितीये ना?"

पहिला पोरगा म्हणाला, "माहितीये मॅडम. पण बांध फुटलाय ना!"

मागे सर येऊन उभे राहिलेले. मग खाकरून म्हणाले, "डिसेंबरात माझ्या पोरीची हळद आहे. एकूण एकानं यायचं!"