अर्जवाले मास्तर

मास्तर माझ्या लाकूड-बांबूच्या टालीवर रद्दी मागायला यायचे, आणि तीही फक्त इंग्रजी छापलेली. गडचिरोलीकडच्या आमच्या जंगलातल्या गावी ते शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवत. पोरं धडा घडाघडा म्हणत. दुसरा कुठला कागद पुढे ठेवला की मुकी होत. मास्तर माझ्या बांबूंवर डोकं धरून बसत. "भाऊ, मी पोपट पाळून राह्यलो. हा वर्ग नापास झाला तर इथलं इंग्रजी बंद. मंग ही पोरं जन्मभर दुसऱ्याकडून कागद वाचून घेतील."

मी हमाली करून वर आलेला माणूस. फुकट काही देत नाही. जंगलखात्याच्या लिलावाच्या नोटिसा इंग्रजीत येत आणि कचेरीतला बाबू सांगेल त्यावर मान डोलवून मी कितीदा फसलो होतो. म्हणालो, "रद्दी न्या, पण मले वाचता आलं पाह्यजे."

"भाऊ, तुम्ही मसणातही घासाघीस कराल," मास्तर म्हणाले आणि मला नववीच्या शेवटच्या बाकावर बसवलं. माझ्या मिशा पाहून पोरं खिदळली.

एक दिवस एका पोरानं घरून कागद आणला. नांगरासाठी जंगलातून निस्ताराचं लाकूड आणणं हा गावाचा हक्क. पण जंगलखात्याच्या शिपायानं मनाई म्हणून हा कागद हाती देऊन त्याच्या बापाला परत पाठवलं होतं. वर्गानं अडखळत तो वाचला. त्यात मनाई नव्हतीच, परवानगी होती! मास्तरांनी फळा पुसला. "धडा राहू द्या. अर्ज लिहा."

कोणी 'दयाळू मायबाप' लिहिलं. मास्तरांनी ते खोडलं. "मायबाप घरी. इथी काय पाह्यजे ते लिही."

बापानं अंगठा उठवला आणि लाकूड मिळालं. मग गावोगावचे लोक कागद घेऊन येऊ लागले. पोरं शब्दकोशासाठी भांडू लागली. मास्तरांचं नाव अर्जवाले पडलं ते तेव्हा. पण अर्ज कोण लिहितं याचा कचेरीला पत्ता नव्हता, कारण अर्जावर अंगठा गावकऱ्याचाच.

तो पत्ता मी दिला. लिलावात बाबूनं नोटीस उलटी सांगितली आणि माझं डोकं फिरलं. "मले शिकवतं काय? आमच्या मास्तरची नववी हे वाचते, अन् तुमच्यावरचे अर्जही तीच लिहिते!"

पंधरा दिवसांत कचेरीच्या तक्रारीवरून मास्तरांची बदली सिरोंच्याला झाली. भर सत्रात, बदली शिक्षक न देता. त्या कचेरीला मी अजून माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.

"मास्तर, बदली रद्द करायचा अर्ज लिहून द्या," मी हात जोडले.

"माझ्यासाठी मीच लिहू? तुम्ही लिहा."

वर्गानं आणि मी दुपारभर बसून अर्ज लिहिला. मास्तरांनी बांधलेल्या ट्रंकेवर बसून तो तपासला. "आमचे देवासारखे गुरुजी, हे काऊन लिहिलं, भाऊ? वर्ग नापास होईल, येवढंच लिहा." ती ओळ खोडून ते मोटारीत चढले.

उत्तर आलं नाही. वर्ग नापास झाला, इंग्रजी बंद करायचा हुकूम आला. तो पोरांनीच वाचला. मग सगळी माझ्या टालीवर जमली आणि त्याविरुद्ध अर्ज लिहायला बसली. लिहून झाला, पण तपासायला कोणी नव्हतं. मी तसाच टपालात टाकला.