काचेआडची रोटी

मुअज्जम-आपाबद्दल कोणी विचारलं की मी तिच्या कामाबद्दल भरभरून बोलते आणि शेवटची गोष्ट गाळते. आज गाळणार नाही. मलाही आता साठी उलटली, किती दिवस गिळून बसू?

आपा, म्हणजे ताई, आमच्या संग्रहालयाची भांडारपाल होती. सुरखान नदीकाठच्या टेकाडांतून निघालेली मडकी, कुषाणांची नाणी, मातीच्या बुद्धाचं नाक उडालेलं डोकं, सगळं आधी तिच्या टेबलावर यायचं. एका रांजणाचे दोनशे तुकडे तिने दोन हिवाळ्यांत जुळवले. एखादा तुकडा बसला नाही की दिवसभर घुम्यासारखी बसायची. प्रत्येक वस्तूच्या पोटाला काळ्या शाईने नोंदीचा बारीक आकडा आणि वर रोगणाचा हात. लग्न केलं नाही. आम्ही बायका चिडवायचो, "आपा, तुला दोन हजार वर्षांचाच नवरा हवा बहुतेक!"

"असू दे की," ती म्हणायची, "निदान घोरत तरी नाही."

गावातल्या घरातून एखादी वस्तू आणायची झाली तर ती आधी चहा प्यायची, घरातल्यांची दुखणीखुपणी ऐकायची, आणि पावतीचा कागद अगदी शेवटी काढायची. लोक वस्तू संग्रहालयाला देत नव्हते, आपाला देत होते. आमच्या संचालकांना, युल्दाश नझारोविचना, हे कधी उमगलंच नाही.

पंचाहत्तर साली महायुद्धातल्या विजयाला तीस वर्षं होत होती. राजधानीतून हुकूम आला, युद्धाचं दालन भरा. पदकं मिळाली, पत्रं मिळाली. मग कोणीतरी आयदिन-बीबीच्या रोटीचं सांगितलं. बीबीचा एकुलता एक मुलगा एरगाश बेचाळीस साली लढाईवर गेला. निघताना त्याने रोटीचा एक घास तोडला आणि उरलेली आईने भिंतीवर टांगली. आमच्याकडे घरोघरी असंच करतात. परत येईल त्याने उरलेली खायची. एरगाश आला नाही. मेल्याचा कागदही आला नाही, बेपत्ता एवढंच आलं. रोटी तेहतीस वर्षं खिळ्यावर होती.

आपा दोनदा गेली, बीबीने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा म्हातारी स्वतःच म्हणाली, "छपरात उंदीर झालेत, मला आता चढवत नाही. तू सांभाळशील?"

"सांभाळीन."

"तो आला तर त्याच्या हातात द्यायची. मी आधी गेले, तर माझ्या थडग्यावर पाखरांना कुस्करून घालायची. टाकायची नाही. जाळायची नाही."

आपाने रोटी कपाळाला लावून शब्द दिला. रोटीला शाई कशी लावायची, म्हणून कागदाचा चिटुकला तुकडा दोऱ्याने बांधून त्यावर आकडा लिहिला. त्यानंतर दर नऊ मेला, विजयदिनी, बीबी पस्तीस किलोमीटरवरून बसने यायची, काचेसमोर उभी राहायची आणि आपाबरोबर चहा पिऊन जायची. दुसऱ्याच्या आईला स्वतःच्या आईसारखं जपणं म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं.

मी दालनं दाखवायचं काम करत होते. अठ्ठावीस वर्षांची, नोकरी हंगामी. त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये आपा पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडली आणि त्याच आठवड्यात राजधानीचं तपासणी पथक येणार असल्याचं कळलं. युल्दाश नझारोविच काचेला नाक लावून बघतात, तर रोटीतून किडे चाललेले.

"सालिहा, हिला बॉयलरमध्ये घाल आणि बाजारातून नवी आण. तंदुरात वाळवून घे. रोटी ती रोटी, आत कोण चाखून बघणार आहे?"

"आपाने शब्द दिलाय, युल्दाश नझारोविच."

"आपा टाके घालून पडलीय. तुला एप्रिलपासून पक्की करायची आहे ना?"

मी बॉयलरचं झाकण उघडलं. आमच्याकडे रस्त्यात पडलेला रोटीचा तुकडासुद्धा उचलून, कपाळाला लावून उंचावर ठेवतात, आणि मी ती रोटी निखाऱ्यावर टाकली. नवीचा घास संचालकांनी स्वतःच्या सोन्याच्या दातांनी तोडला आणि वर म्हणाले, "तीळ छान आहेत." आपाचा कागद मी जुन्या रोटीवरून सोडून नव्या रोटीला बांधला. गाठसुद्धा तिच्यासारखीच मारली, कारण गाठ मारायला मला तिनेच शिकवलं होतं.

आपा परतली तेव्हा काठी टेकत आधी त्या दालनात आली. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं. तिने मला विचारलं, "सगळं ठीक ना, पोरी?" मी म्हणाले, "सगळं ठीक आहे, आपा." तिने काच उघडलीच नाही. माझ्या शब्दावर ती निर्धास्त झाली.

त्या मेमध्ये बीबी आली, बराच वेळ उभी राहिली आणि चहा न घेता गेली. पुढच्या मेमध्ये आलीच नाही.

"अंथरुणाला खिळली असेल," आपा म्हणाली. "चल, बघून येऊ." नाही म्हणायला मला काही सबब सुचली नाही.

बीबी धडधाकट होती. अंगणात तुतीच्या झाडाखाली दस्तरखान, जेवणाची चादर, अंथरून बसली होती, पुढ्यात तुती आणि चहा. आम्हाला बसा म्हणाली नाही.

"मुअज्जम, बेचाळीस साली तू काय खात होतीस गं?"

"जोंधळ्याची रोटी. तीही अर्धी."

"मग माझ्या घरात गव्हाचं पांढरं पीठ कुठून आलं असेल? वर तीळ लावलेलं?"

आपाने माझ्याकडे बघितलं. मी तुतीकडे बघितलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं. दोनशे तुकडे जुळवणारी बाई होती ती.

"मी बदलली, बीबी," आपा म्हणाली. "कीड लागली होती. मीच जाळली."

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं, फक्त एक.

म्हातारीने दस्तरखानाची चारी टोकं उचलली, तुती आणि प्याल्यांसकट गुंडाळून बाजूला ठेवली. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यापुढूनसुद्धा कोणी दस्तरखान उचलत नाही.

"तू खाल्ली असतीस तरी मला चाललं असतं," ती म्हणाली. "भुकेने खाल्ली म्हणून मी माफ केलं असतं. जाळलीस? तुझ्या घरातून कोणी लढाईवर गेलंच नाही, तुला काय कळणार! ऊठ, जा इथून."

बसथांब्यावर पोचल्यावर आपाने काय झालं ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं. रडून सांगितलं, संचालकांना शिव्या घालून सांगितलं.

"युल्दाशचं सोड," ती म्हणाली. "त्याच्याकडून मी काही मागितलं नव्हतं. मी तुला विचारलं होतं, सगळं ठीक ना. तेव्हा का खोटं बोललीस?"

"नोकरी पक्की व्हायची होती."

"झाली?"

"झाली."

"मग तिथे मला माझं नाव का घेऊ दिलंस?"

मी बसच्या रस्त्याकडे बघू लागले. ती म्हणाली, "शब्द मी दिला होता, तर जोडेही मीच खायचे. ते ठीक आहे. पण आजपासून मला आपा म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"युल्दाशला म्हणतेस तसं. नाव आणि बापाचं नाव."

बस आली. मी बाजूला सरले आणि म्हणाले, "मुअज्जम रहिमोव्हना, आधी तुम्ही चढा."

ती चढली आणि पुढच्या बाकावर एका परक्या बाईशेजारी जाऊन बसली.