ताडोब्याला कोणत्या फाटकातून?

“तिले काय विचारता? ती कुठं बोलते?” काकू आतून म्हणाली. ताडोब्याला कोणत्या फाटकातून जायचं, असं काकांनी बैठकीत सगळ्यांना विचारलं होतं, अगदी मलासुद्धा. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून सुटीत वणीला आले होते. घरच्या गप्पांत मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असे.

काकांचं तसं ठरलेलंच होतं. चांद्यावरून जायचं आणि मोहर्लीच्या फाटकातून आत शिरायचं. पण चांद्याला त्यांची सासुरवाडी होती. मागच्या सुटीतही आम्ही त्याच वाटेनं निघालो होतो. दारात आलेल्या जावयाला जेवल्याशिवाय कोण सोडणार? पुरण शिजायला पडलं, जेवणं झाली, मग शेजारच्या घरी चहा झाला, आणि दिवस मावळताना जीप वणीकडे वळली. मी जंगलाचं एक झाडही पाहिलं नव्हतं. वर्षभर मी त्याच जंगलाची वाट पाहत होते.

“यंदा नुसतं पाया पडून निघू,” काका म्हणाले.

“माह्या मायच्या हातची पोळी दिसली का तुम्ही उठता थोडे?” काकू म्हणाली, आणि काकांसकट सगळे हसले.

त्या हसण्यानं मला धीर आला. मी कप खाली ठेवला.

“चिमूरकडच्या फाटकातून जाऊ या,” मी म्हणाले. “त्या वाटेवर आपले नातेवाईक नाहीत.”